देवळाची वही वेगळी, गावाची वही वेगळी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

वाचकांच्या पत्रांच्या सदरात गेले काही आठवडे नास्तिक आणि गावचे सण यावर वाद चालू आहे. एका पत्रलेखकाचे म्हणणे, ज्याला ग्रामदेवता मान्य नाही त्याने गावात राहण्याचा हट्ट धरू नये. दुसऱ्याचे म्हणणे, पालखी, नवस, गाऱ्हाणे हा सगळा अडाणीपणा आहे आणि सरकारनेच तो बंद करावा. दोघेही मुंबईत राहणारे आहेत. मी बारा महिने गावात राहतो. इथे हा वाद कोणत्या गोष्टीवरून पेटतो ते पाहिले आहे, म्हणून लिहितो.

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावचा. गावाचे आणि माझे नाव छापू नये ही विनंती, कारण विषय अजून मिटलेला नाही. आमच्या घराकडे ग्रामदेवतेच्या पालखीचा मान आहे. शिमग्यात देवी सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर येते, तिथून घरोघर जाते, ओट्या भरल्या जातात, मुंबईहून आलेले चाकरमानी देवीपुढे आपापले गाऱ्हाणे, म्हणजे विनवणी, घालून घेतात. ढोलाचा ठेका बदलला की आजही अंगावर काटा येतो. मी देव मानतो. सकाळी व्याडेश्वराचे नाव घेतल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. हे सांगायचे कारण एवढेच, की पुढे जे लिहितो आहे ते नास्तिकाने लिहिलेले नाही. नोकरी ग्रामसेवकाची झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ग्रामपंचायतींच्या वह्या मी लिहिल्या आहेत, आणि मला जे म्हणायचे आहे ते मुख्यतः वहीबद्दलच आहे.

आमच्या वाडीत एक तरुण आहे. मुंबईत काही वर्षे वायरमनचे काम करून तो घरी परतला आणि इथेच राहिला. देव मानत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांना जातो. त्याचे वडील वारले तेव्हा त्याने केस काढले नाहीत, दहाव्याला पिंड ठेवायला बसला नाही. आईची इच्छा होती म्हणून चुलतभावाने सगळे विधी केले. त्याला तो आडवा आला नाही, भटजींची दक्षिणाही त्यानेच दिली. पण त्या दिवशी कावळा शिवायला वेळ लागला, आणि त्याचा बोल याच्या माथी आला. तेव्हापासून गावकीत, म्हणजे मानकऱ्यांच्या गावबैठकीत, कुजबुज होतीच.

मग शिमग्याची वर्गणी आली. आमच्याकडे गावकी घरटी एकच रक्कम ठरवते. त्या रकमेत पालखीचा खर्च, देवळाची रंगरंगोटी, खेळ्यांचे मानधन हे तर असतेच. शिवाय पाखाडीची (दगडी पायवाटेची) दुरुस्ती, साकवाची (ओढ्यावरच्या लहान पुलाची) डागडुजी आणि नळपाणी योजनेच्या पंपाचा किरकोळ खर्चही त्यातच असतो. याने बैठकीत विचारले, यातले पाण्याचे किती, वाटेचे किती आणि देवीचे किती? पाण्याचे आणि वाटेचे आत्ता देतो, पावती करा. देवीचे देणार नाही. मानकऱ्यांपैकी एकाने विचारले, देवीचे पैसे द्यायला काय दुखते? तेव्हा तो जे बोलला त्यात ‘दगड’ हा शब्द होता. माझ्या घरच्या खांद्यावरून जी पालखी जाते तिच्याविषयी तो शब्द ऐकून मला लागले. बैठक तिथेच बिघडली. ठरले असे: पालखी त्याच्या दारी जाणार नाही, त्याने दंड भरून माफी मागेपर्यंत त्याच्या लावणीला-कापणीला कोणी जायचे नाही, त्याला कामाला बोलवायचे नाही, आणि त्या घरी बरेवाईट झाले तर कोणी उभे राहायचे नाही. म्हणजे वाळीत. आजकाल हा शब्द कोणी उच्चारत नाही, कारण कायद्याची कल्पना सगळ्यांना आहे. ‘संबंध ठेवायचे नाहीत’ एवढेच म्हणतात.

मी त्या बैठकीत विरोध केला. मला साथ मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि दगड शब्दाबद्दल त्याला खडसावले. तो म्हणाला, “काका, तुमच्या मनाला लागलं असेल तर तुमची माफी मागतो, दहादा मागतो. पण गावकीपुढे दंड भरून मागणार नाही. मी देवीच्या पालखीला कधी आड आलोय काय? मी पावती मागितली.”

माझी त्याच्याशी पुष्कळ बोलणी झाली. देव आहे की नाही यावर आमचे कधी जमणार नाही, आणि ते जमवायची घाई आम्हा दोघांनाही नाही. देवीला कौल लावण्याविषयी, म्हणजे तिची संमती विचारण्याविषयी, त्याचे म्हणणे मला पटत नाही. माझ्या वडिलांनी प्रत्येक मोठ्या कामाआधी कौल घेतला, मनाला बळ मिळाले, आणि ते बळ खोटे होते असे मी म्हणणार नाही. तो म्हणतो, बळ खरे, कारण चुकीचे. असे आमचे चालते. पण पावतीच्या प्रश्नावर मी त्याच्या पूर्ण बाजूचा आहे, आणि भक्त असूनही नव्हे, तर भक्त आहे म्हणूनच आहे. देवीला जे द्यायचे ते ओटीत घालताना हात थरथरला पाहिजे. साकवाच्या सिमेंटबरोबर बांधून, न दिल्यास पाणी तोडू या धाकाने गोळा केलेला पैसा देवीला अर्पण कसा होईल?

काही जण मला सांगतात, तो पोरगा वाईट नाही, अडीअडचणीला धावतो, म्हणून त्याला सांभाळून घेऊ. हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो भांडकुदळ असता, कोणाच्या उपयोगी पडणारा नसता, तरी त्याच्या म्हाताऱ्या आईच्या प्रेताला चार माणसे मिळालीच पाहिजेत. ही गोष्ट स्वभावाच्या दाखल्यावर ठरत नाही.

शिवाय एका गोष्टीकडे कोणी पाहत नाही. आमच्याच गावात देवळाची वर्गणी न देणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मोहल्ल्यात कोणी ती मागायला जात नाही. 1956 नंतर बौद्धवाडीनेही ती देणे बंद केले, देवळाशी जोडलेली जुनी कामेही सोडली. सुरुवातीला कुरबुर झाली असेल, पण आज ते सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. मोहल्ल्यातला माणूस साकवाचे पैसे देतो, पालखीचे देत नाही, आणि त्याला कोणी गाव सोड म्हणत नाही. म्हणजे दोन हिशेब वेगळे ठेवणे गावाला जमते, ते आपण रोज करतो. एकटा माणूस वाडीच्या आतून तेच मागतो तेव्हाच ते आपल्याला फितुरी वाटते. त्याने धर्म बदलला असता तर चालले असते, कोणताच धर्म न घेता घरात राहिला हे चालत नाही. संविधानाच्या 25 व्या कलमात धर्माच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य लिहिले आहे, ते अशाच माणसासाठी आहे.

कलम 27 सांगते, की एखाद्या धर्माच्या पोषणासाठी खर्च होणारा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. गावकी म्हणजे सरकार नव्हे, तिची वर्गणी म्हणजे कर नव्हे, हे नोकरी केलेल्या माणसाला कळते. पण ज्या बैठकीच्या हातात पंपाची किल्ली आहे, जिच्या शब्दावर मजूर येतो किंवा येत नाही, तिच्या वर्गणीला नाही म्हणणे हे कर चुकवण्यापेक्षा महाग पडते. ग्रामपंचायतीत ग्रामनिधीची वही असते, तिचे लेखापरीक्षण होते. त्या निधीतून सत्यनारायणाचा प्रसाद आणता येत नाही. काही ठिकाणी कार्यालयात पूजा घालायची टूम निघाली तेव्हा मी सदस्यांना सांगत असे, पूजा माझ्या घरी घाला, मी हात जोडून बसतो; या टेबलावर नको, कारण या टेबलाशी दाखला मागायला सगळ्या जातीधर्मांची माणसे येतात. काही जण रागावले. काहींना पटले.

कोकणाला हा प्रश्न नवा नाही. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे सर्वांचे झाले, पण पाण्याला हात लावायची कोणाची हिंमत होत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, आणि दावा कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले. पाणी नगरपालिकेचे होते आणि अडवणूक धर्माच्या नावाने होत होती. सार्वजनिक वस्तू धार्मिक बैठकीच्या ताब्यात गेली की काय होते ते आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच घडून गेले आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले. जयंतीला तिथे आपल्याकडूनही गाड्या जातात, त्यांच्यावर गावकीतल्या माणसांचे फोटो असलेले फलकही असतात.

दापोलीचे मुरुड तर खाडी ओलांडली की आलेच. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले. ते गावी आले तेव्हा मुरुडकरांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना जवळ केले तर त्यांचीही तीच गत करायचे ठरले. ज्या गावासाठी हा माणूस आपल्या कमाईतून पैसे बाजूला टाकत होता, त्या गावाने हे केले. कर्वे देवधर्म बुडवायला निघाले नव्हते. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव, जन्म त्याच मुरुडचा, ते मात्र उघड नास्तिक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून प्राध्यापकी गेली, मासिक काढले म्हणून खटले झाले, तरी 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत ते मासिक चालवत राहिले. आज त्या घराण्याचे नाव आपण अभिमानाने सांगतो.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. 1966 साली मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. आपल्या समाजाकडून त्यांना काय काय ऐकावे लागले! 1977 साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धर्मविधी न करता मुंबईत दहन झाले. आमच्या गावकीतले लोक दलवाईंचे कौतुक करतात. दुसऱ्याच्या घरातल्या नास्तिकाचे कौतुक सगळेच करतात. आपल्या वाडीतला निघाला की बैठक बसते. हे हिंदूंना लागू आहे, मुसलमानांना लागू आहे, आणि कोकणातल्या प्रत्येक समाजाला लागू आहे.

आता कायद्याचे. 1949 साली मुंबई प्रांतात वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला होता. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि पुढे अनेक दशके या राज्यात बहिष्कृत माणसाला हक्काने दार ठोठावता येईल असा वेगळा कायदा उरला नाही. रायगड जिल्ह्यातल्या गावकीच्या बहिष्काराची प्रकरणे वर्तमानपत्रांनी लावून धरली, कार्यकर्ते गावोगाव फिरले, तेव्हा कुठे 2016 साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि जुलै 2017 मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य. आमच्या बैठकीत जे ठरले ते तोंडी ठरले, कुठे लिहिले नाही, म्हणून आपण सुटलो असे मानकऱ्यांना वाटते. त्यांनी एखाद्या वकिलाला विचारून पाहावे.

दुसरा कायदा 2013 चा, जादूटोणाविरोधी. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी किती वर्षे खपले ते सर्वांना ठाऊक आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. खुनाच्या खटल्यात मे 2024 मध्ये दोघांना जन्मठेप झाली. हा कायदा हिंदूंच्या विरुद्ध आहे, भजन-कीर्तन बंद पाडेल, असे मी तेव्हा नाक्यानाक्यावर ऐकले. मी तो वाचला. वारी, यात्रा, पूजा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना तो हात लावत नाही, असे त्यातच लिहिले आहे. माझ्या नोकरीच्या एका गावात एका विधवेवर करणीचा आळ आला होता. शेजारची म्हैस मेली, देवरुषाने बोट दाखवले, आणि तिला देवळात ओढत नेऊन कबूल करायला लावायचे ठरले. पोलीस आले म्हणून ती वाचली. हा कायदा होईपर्यंत अशा बाईला काय आधार होता? एका नास्तिक चळवळीने मागितलेल्या कायद्याने एका देवभोळ्या म्हातारीला वाचवले. ती बाई नंतरही त्याच देवळात दिवा लावायला जात होती. म्हणून चळवळीतल्या माणसांना कोणी धर्मबुडवे म्हटले की मला संताप येतो.

चळवळीतल्या तरुणांनाही मला एक सांगायचे आहे. तुमच्या कार्यक्रमात जिभेवर कापूर पेटवून दाखवता, नारळातून केस काढून दाखवता, ते करा. त्याने भोंदूचे पोट उघडे पडते. पण शिमग्याला पालखीपुढे नाचणारी माझी बहीण भोंदू नाही आणि फसलेलीही नाही. वर्षभर सासरी राबून तिला माहेरचा तो एक दिवस मिळतो. तिच्याविषयी बोलताना शब्द जपून वापरा. दगड या एका शब्दाने आमच्या वाडीतल्या एका न्याय्य मागणीचे किती नुकसान झाले ते मी पाहतो आहे. बैठकीतल्या निम्म्या लोकांना पावतीचा मुद्दा पटला असता.

आणि “धर्म राहिला तर गाव राहील” असे लिहिणाऱ्या मुंबईच्या बंधूंना विनंती, की गणपती-शिमगा सोडून एकदा जुलैत या. आमच्या वाडीतल्या किती घरांना कुलपे आहेत ते बघा. शेते पड आहेत, त्यांत रान माजले आहे, वानर आणि डुक्कर उरलेसुरले खातात. पालखीला खांदा द्यायला जवान माणसे मिळत नाहीत म्हणून मुंबईहून रजा काढून बोलवावी लागतात. अशा गावात जो एक तिशीतला माणूस बायकोमुलांसह राहतो आहे, ज्याची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत आणि त्यांच्या नावांमुळेही त्या शाळेची पटसंख्या टिकून आहे, त्याला हाकलून गाव राखायचे? शाळेचा विषय निघालाच आहे तर, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही हे कलम 28 मध्ये आहे. 2013 साली नाशिकच्या एका शिक्षकाला मुंबई उच्च न्यायालयाने न्याय दिला, की प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने सांगितले, की कोणत्याही सरकारी अर्जावर धर्म लिहायला सरकार कोणाला भाग पाडू शकत नाही. 2011 च्या जनगणनेत नास्तिक म्हणून नोंद झालेली माणसे देशभरात 33 हजारांच्या आसपास होती, त्यातली साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. धर्म न सांगणारे मात्र 28 लाखांच्या वर. आता 2027 ची जनगणना येते आहे. प्रगणक बहुधा गावातलाच शिक्षक असेल. आमच्या वाडीतला तो तरुण त्याला काय सांगेल, आणि सांगितलेले गावकीच्या कानावर जाईल का, याची मला काळजी वाटते. घरी येणाऱ्याने विचारावे, सांगितले ते लिहावे, आणि गप्प निघून जावे.

मला गावकी मोडायची नाही. तिनेच आमच्या वाटा राखल्या, वणव्यात माणसे गोळा केली, पुरात होड्या सोडल्या. देवीची पालखी माझ्या नातवाच्या खांद्यावर गेलेली मला पाहायची आहे. मागणी इतकीच आहे, की घरटी वर्गणीच्या दोन पावत्या कराव्यात. पाणी, वाट, साकव, स्मशान यांची एक. ती सर्वांनी द्यावी, मोहल्ल्याने आणि बौद्धवाडीनेही, आणि तिच्या बैठकीला त्या सर्वांना बोलवावे, देवळाच्या सभामंडपात न घेता शाळेच्या वऱ्हांड्यात घ्यावी. देवीची दुसरी, ती ज्याची त्याने, मनाला येईल तेवढी द्यावी, आणि कोणी दिली नाही याची यादी वाचून दाखवू नये. वाळीत टाकण्याचे जे काही ठरले आहे ते जसे तोंडी ठरले तसेच तोंडी मागे घ्यावे. दंडाचा विषय काढू नये. त्या तरुणाने दगड शब्दाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आहे, माझ्यासमोर केली आहे, ती मी सांगेन.

होळी उभी करण्याआधी गावकीची बैठक आहे. हे सगळे मी तिथे मांडणार आहे आणि या वेळी लेखी मांडणार आहे. मानकरी म्हणून मला बोलण्याचा पहिला अधिकार आहे. माझे ऐकले नाही, तर पालखीचा पहिला खांदा यंदा मी देणार नाही, हेही तिथेच सांगेन. आपण हे पत्र त्याआधी छापलेत तर त्याचे कात्रण घेऊन जाईन. शक्य झाल्यास सोबत 2016 च्या कायद्यातली बहिष्कार म्हणजे काय ते सांगणारी कलमे मराठीत छापावीत. आमच्याकडे ती मोठ्याने वाचून दाखवता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रामसेवक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)